हसला की कोसळणारा कागलचा माणूस

अक्का हॉस्पिटलची मालिका बघायला बसायच्या त्या मांडीवर वही घेऊन. चष्मा कपाळावर. पडद्यावरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं की चष्मा नाकावर यायचा, नाव लिहून झालं की परत कपाळावर जायचा. अर्ध्या तासात त्या चष्म्याच्या पंधरा तरी फेऱ्या व्हायच्या. आवाज एवढा मोठा, की खालच्या मोटार-पंपाच्या दुकानातला माणूस दुसऱ्या दिवशी मला विचारायचा, "काल त्यो पेशंट शुद्धीवर आला काय वो? आमी शटर ओढून गेलतो, शेवट ऐकायचा ऱ्हायला."

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी दोन वर्षं भाड्यानं राहिले. मी नेसरीकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, पहिला वर्ग. हे मी कुणी न विचारताही सांगते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल लाजावं, मला लाज नाही, हौस आहे. तेव्हा मी जवळच्याच एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला होते.

खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी दारातच उभं करून विचारलं, "पावणं कुठलं?"

"नेसरी."

"शिकलीस किती?"

"बी.एस्सी."

"मग मालिका लागली की मधी मधी बोलायचं न्हाय. शिकलेल्या लई बोलतात. आणि आमी जैन. अंडं, सुकट, मटण जिना चढायचं न्हाय. पोटात घालून आलीस तर माझं काय म्हणणं न्हाय, डब्यातनं आणायचं न्हाय."

अक्का सत्तरीच्या. माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीला, त्यामुळं आश्चर्य वाटलं की "अव्वाऽ" म्हणायच्या. नवरा गुळाचा व्यापारी, जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा पुण्यात डोळ्यांचा डॉक्टर. त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. 'आमचा डॉक्टर' एवढंच. आमच्या भागात बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, अक्काही तसंच बोलायच्या, आणि घरी मीही. हे लिहिताना मात्र मी 'आले, गेले' लिहिते. शिकल्याचा तेवढा खर्च होतोच.

जैन घरात दिवे लागायच्या आत जेवण उरकतं. त्यामुळं सातनंतर अक्कांना काहीच काम नसायचं. आठची मालिका त्यांना मोठी सोय होती. पण म्हणून त्या गप्प बसून बघायच्या असं नाही. भांडत बघायच्या.

"एवढा मोठा दवाखाना, आणि एका बाईच्या हातात डबा न्हाय! कोल्लापुरात असला दवाखाना चालंल काय?"

"मेंदू फोडून बघितला त्येचा आणि ह्येचा भांग बघ. जसाच्या तसा."

आणि रोज एकदा तरी, "अगं पण ह्येच्याजवळ थांबलंय कोण?"

त्यांची सगळ्यात मोठी तक्रार ही, की मालिकेतले डॉक्टर पेशंटला गाव विचारत नाहीत. गाव न विचारता माणूस तपासायचा म्हणजे काय! मग त्या स्वतःच तोंडावरून गाव ठरवायच्या आणि वहीत लिहून टाकायच्या. गालफडं वर आलेला, बारीक मिशीचा उद्योगपती असला की, "ह्यो कागलचा." लांब वेणीची मुलगी आली की, "ही गडहिंग्लजची. नाकावरनं कळतंय." वहीत प्रत्येकाला अर्धं पान. गाव, वय, काय होतंय, डॉक्टरनी काय केलं. आणि काही पानांच्या कोपऱ्यात पेनानं काढलेली चांदणी.

चांदणी कशाची, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

एकदा मालिकेत असा माणूस आला, की तो हसला की कोसळायचा. शुद्ध असायची, पण अंगातलं बळ एकदम जायचं, पोतं पडावं तसा पडायचा. अक्का भलत्याच खूश झाल्या. "अव्वाऽ! हसला की पडतोय! कागलचा हाय बघ." चांदणी काढली. मी त्याच वेळी मोबाईलवर बघितलं आणि सगळं समजावून सांगितलं. हा मुळात झोपेचा आजार, मेंदूत एक रसायन कमी पडतं, असं असं. नीट सांगितलं, लॅबच्या परीक्षेत सांगावं तसं. अक्कांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"तुला कोण विचारलं?"

"तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं."

"मला कळायचं हाय असं कोण म्हणलं?"

मला राग आला. मला वाटलं, शेतकऱ्याच्या पोरीनं सांगितलेलं हिला पटत नाही; हेच कुणा डॉक्टरच्या पोरीनं सांगितलं असतं तर मान हलवली असती. म्हणून मी जास्तच सांगायला लागले. रोज. मालिकेतलं चुकलेलं पण दाखवून द्यायची. बेशुद्ध माणूस असा डोळे उघडून लगेच बोलत नाही, डोक्याला दुसरा मार बसून गेलेली आठवण परत येत नाही. अक्का आवाज वाढवायच्या.

एका विलक्षण आजाराला मात्र त्यांनी चांदणी काढली नव्हती, हे मला नंतर वही चाळताना दिसलं. एका माणसाचा पाय कापलेला होता, आणि तो नसलेला पायच त्याला दुखत होता. मी विचारलं, "ह्याला का नाही काढली? हा तर किती वेगळा आहे."

"त्यात विचारायचं काय?" अक्का म्हणाल्या. "कळलं मला."

रविवारी अकराला पुण्याहून फोन यायचा. अक्कांना एका कानानं कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्या रविवारी माझ्या खोलीतलं पाणी गेलं होतं, मी खाली त्यांच्या स्वयंपाकघरात कळशी भरत होते. फोन ऐकू येत होता.

"बरी आहेस?"

"बरी हाय."

"गोळ्या वेळेवर?"

"घेतो की."

"बाकी?"

हा 'बाकी' म्हणजे फोन ठेवायची तयारी, हे मराठी माणसाला सांगायला नको.

अक्का म्हणाल्या, "बाकी एक विचारायचं होतं. कागलचा एक माणूस हाय. हसला की कोसळतोय. शुद्धीत असतोय, पण पडतोय. ते कसं काय रं?"

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "हसल्यावर? थांब थांब. शिकलो होतो आम्ही हे. दुसऱ्या वर्षाला की तिसऱ्या…"

आणि मी, पहिला वर्ग, स्वयंपाकघरातून ओरडले, "अक्का, परवा सांगितलं की मी तुम्हाला! झोपेचा आजार असतोय त्यो!"

"कोण आहे गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वरची पोरगी. लॅबात हाय."

"अरे वा! मग झालं की. घरातच माणूस मिळालं तुला. तिलाच विचारत जा. चल, ठेवतो."

मी कळशी घेऊन बाहेर आले तेव्हा अक्कांच्या हातात फोन होता आणि त्या त्याच्याकडं बघत होत्या. वही मिटलेली होती. पेनही जवळ नव्हतं. मी म्हणाले, "बरोबर सांगितलं का नाही मी?"

अक्का आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी फोन दोन मिनिटांत संपला. "ती लॅबवाली मुलगी आहे ना?" एवढं विचारून डॉक्टरांनी ठेवला.

शेवटी मीच जाऊन समोर बसले. म्हटलं, "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

अक्का दोडक्याच्या शिरा काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाला फोन करतीस?"

"रोज."

"काय बोलतीस?"

"काय म्हणजे… म्हशीनं दूध किती दिलं, रेडकू पितंय का, पेंड संपली का. असलंच."

"किती वेळ?"

"होतात की पंधरा-वीस मिनिटं."

अक्कांनी विळी बाजूला सारली. "माझ्याकडं म्हैस न्हाय, बाळे. माझ्याकडं ही मालिका हाय."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा वैद्यकीच्या परीक्षांचा अभ्यास या घरात, या पुढच्या सोप्यात येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करून करायचा. आजार, लक्षणं, औषधं. त्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ऐकायच्या. एक अक्षर कळायचं नाही. पण मधे तो अडला की भाकरी तव्यावर टाकायची थांबायच्या, त्याला आठवलं की टाकायच्या. पाच वर्षं घरात तो आवाज होता.

"डोळ्याचं विचारलं तर दोन शब्दांत सांगतोय. दिवसभर तेच करतोय. म्हणून डोळ्याचं सोडून विचारायचं. जे त्येला नीट आठवत न्हाय तेच. मग आठवत आठवत बोलतोय. तसाच. 'थांब आई, थांब, सांगतो' म्हणतोय." अक्कांनी दोडका परत हातात घेतला. "तू मधीच सांगून टाकलंस."

चांदणी म्हणजे रविवारसाठी राखून ठेवलेला आजार.

मी म्हणाले, "पुणं काय अमेरिका न्हाय अक्का. जाऊन राहावा की महिनाभर."

"गेलतो की. त्येच्या घरात बी रविवारीच बोलतोय."

मी निस्तरायचं ठरवलं. पुढच्या रविवारी फोनच्या वेळी अक्कांजवळ जाऊन बसले. डॉक्टरांनी "ती मुलगी आहे ना?" म्हटल्याबरोबर मी पुढं होऊन म्हणाले, "डॉक्टर, मला त्यातलं काय येत नाही हो. त्या दिवशी उगंच ऐकीव बोलले. आम्ही नुसतं रक्त काढतो."

"हो, बरोबर आहे," ते म्हणाले. "लॅबवाल्यांना तरी कसं कळणार? दे आईकडं."

ते कसं गिळलं ते माझं मला माहीत. आयुष्यात 'मला येत नाही' हे वाक्य मी त्याआधी म्हटलं नव्हतं, येत नसलं तरी. पण हसणाऱ्या माणसावर त्या दिवशी डॉक्टर चौदा मिनिटं बोलले. निम्मं मला पाठ होतं. एका ठिकाणी ते चुकलेही. मी बोलले नाही. अक्का डोळे मिटून "हं… हं…" करत होत्या, आणि डॉक्टर कुठं अडले की त्यांचा मांडीवरचा हात हवेतच थांबायचा.

त्यानंतर रविवार सुरळीत झाले. मधेच कधी डॉक्टर आपणहून विचारायचे, "त्या कागलच्या माणसाचं कसं आहे आता?"

"बरा हाय. हसतोय, पण बसून."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघी हसायचो.

मग चैत्रात मालिका बंद पडली. अचानक. शुक्रवारी उजवीकडं काळीज असलेल्या मुलीला ऑपरेशनला आत नेलं, शनिवारी सगळ्या डॉक्टरांनी हात जोडून निरोप घेतला, आणि सोमवारी त्या जागेवर दोन जावांची भांडणं सुरू झाली. अक्का रिमोट घेऊन सगळे चॅनेल तीनदा फिरल्या. "ती पोरगी आतच ऱ्हायली की गं!"

राखून ठेवलेल्या चांदण्या चार रविवार पुरल्या. पाचव्या शनिवारी अक्का जिना चढून माझ्या खोलीत आल्या. गुडघ्यांमुळं त्या कधी वर यायच्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात असतील की आजार."

होते. मग दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी पेशंट तयार करायला बसायला लागलो. लॅबमध्ये येणाऱ्या खऱ्या माणसांमधलं मी काहीच घ्यायची नाही, ते मी आधीच सांगून टाकलं होतं. आजार पुस्तकातला, माणूस अक्कांचा. मी म्हणायची, ह्याला ओळखीच्या माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. अक्का म्हणायच्या, "बायकोला कसा ओळखतोय? आवाजावरनं? मग बायको माहेरला गेलीय असं घाल." एकदा त्यांनी एक आजारी बाई नेसरीची केली. मी म्हटलं, "आमच्या नेसरीत असलं काय नाही."

"असू दे की एक. तुझ्या गावाला मान."

मी एका पेशंटला मारायला निघाले तर त्यांनी हात धरला. "मारू नको. मेला की विषय संपला. जिता ठेव. परत कधी डॉक्टरनं विचारलं तर सांगायला येतंय."

माझ्या त्या दोन वर्षांतल्या चांगल्या वेळा मोजायच्या झाल्या तर त्या शनिवारच्या संध्याकाळी. लॅबमधलं कुणीही माझ्याशी कामाशिवाय बोलायचं नाही. गावाकडं म्हशीच्या पुढं विषय जायचा नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसाला बोलायला कोण असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. निघाली ती ही सातवी शिकलेली बाई.

भाद्रपद लागला तेव्हा मला गोव्यातल्या एका औषध कंपनीतून पत्र आलं. जंतुपरीक्षण विभाग. माझ्या शिक्षणाची खरी नोकरी. मी लगेच होय कळवलं, गावाकडं सांगितलं, एसटीचं तिकीटही काढलं. अक्कांना सांगितलं नाही. त्यांचं दहा दिवसांचं पर्व सुरू होतं, एकवेळ जेवत होत्या, म्हटलं ते होऊ दे. ही झाली सबब. खरं म्हणजे मला धीर होत नव्हता.

पर्व संपलं की जैनांच्यात क्षमेचा दिवस असतो. वर्षभरात ज्याच्या त्याच्याशी कळत-नकळत जे चुकलं त्याची हात जोडून क्षमा मागायची. अक्का सकाळी न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून फोन घेऊन बसल्या. नणंद, भाचे, माहेरचे. एकेकाला अर्धं मिनिट. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"आठ दिवस तुझ्याशी बोललो न्हाय. त्येची क्षमा कर."

मी मागं सरले. "अक्का, असं नका करू. माझंच काय चुकलं असलं तर…" आणि तिथंच थांबले. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तिकीट पर्समध्ये होतं. दिवस सोमवारचा, गाडी गुरुवारची.

अक्कांनी मुलाला फोन लावला. स्वतः होऊन त्या कधीच लावायच्या नाहीत.

"काय झालं आई?" डॉक्टर घाबरूनच बोलले. मागं दवाखान्यातला गलबला ऐकू येत होता.

"काय न्हाय झालं. क्षमेचा दिवस हाय."

"अरे हो! मी करणारच होतो दुपारी. उत्तम क्षमा आई. कळत-नकळत काही…"

"थांब. माझं नकळत न्हाय, कळून झालंय."

"काय ते?"

"मालिका संपून पाच महिनं झालं. त्येच्या नंतरची माणसं मी आणि ह्या पोरीनं मिळून रचली. तुला खोटं विचारलं."

"कुठली मालिका?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "दवाखान्याची. आठला लागायची ती."

"तिचा काय संबंध?"

"अरं, तुला विचारायचो ती सगळी त्यातलीच माणसं की."

पलीकडं कुणीतरी पुढच्या पेशंटला हाक मारली. डॉक्टर त्याला "थांब जरा" म्हणाले. दार लावल्याचा आवाज आला, गलबला बंद झाला.

"तो कागलचा? हसला की पडणारा?"

"मालिकेतला."

"ती गडहिंग्लजची मुलगी, उजवीकडं हृदय असलेली?"

"ती बी."

"चेहरे न ओळखणारा?"

"त्यो आमचा."

डॉक्टर बसले असावेत, खुर्ची करकरली. मग म्हणाले, "मला वाटायचं तुझ्याकडं येतात सगळे. मंदिरातल्या बायका, शेजारचे, गावाकडचे. मुलगा डॉक्टर आहे म्हणून तुला विचारायला येतात. मी घरात हिला सांगायचो, आईकडं माणसांचा नुसता राबता असतो. तिची काळजी नको." त्यांनी विचारलं, "म्हणजे कोणीच येत नाही?"

अक्का सोप्यातल्या दोन खुर्च्यांकडं बघत होत्या. एकीवर धुतलेली पातळं ठेवली होती.

"दूधवाला येतोय," त्या म्हणाल्या.

"आई…"

"येतोय की. रोज येतोय."

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "आणि ती लॅबमधली मुलगी? ती तरी खरी आहे ना?"

अक्कांनी फोन माझ्यापुढं धरला. आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "बोल गं. हायस न्हवं तू?"

"हाय डॉक्टर," मी म्हणाले. "मी हाय की. हितंच हाय."

क्षमेच्या दिवशी त्या घरात खोटं बोललेली मी एकटीच.